दाढेला कॅप बसवायची का, कुठली, कधी? तुमचे प्रश्न आणि माझी उत्तरं

मागच्या वेळी रूट कॅनलबद्दल लिहिलं होतं, त्यानंतर जे प्रश्न आले त्यातले निम्म्याहून जास्त कॅपचेच होते. म्हणजे रूट कॅनलची भीती एकवेळ जाते पण कॅपचं नाव काढलं की लोक थबकतात, खर्च दिसतो, आणि समोर दुखत तर काहीच नसतं. मी सातारला गेली २२ वर्षं हेच काम करतेय, कॅप, ब्रिज, कवळी, त्यामुळे हे प्रश्न मला रोज खुर्चीवर बसून लोक विचारतात. इथे जरा सविस्तर लिहिते. प्रश्न थोडे छोटे केलेत, नावं काढलीत.

प्रश्न (बार्शी): मॅडम, खालच्या डाव्या दाढेचं रूट कॅनल केलं त्याला आठ महिने झाले. डॉक्टरांनी कॅप बसवून घ्या म्हणून सांगितलं होतं पण नंतर काही दुखलंच नाही मग राहून गेलं. आता दुखतच नाही तर कॅप कशाला? भाऊ म्हणतो हा नुसता पैसे काढायचा धंदा आहे.

दुखत नाही कारण दाढेतली नस काढून टाकलीये. म्हणजे आता ती दाढ किडली, आतून तडकली, तरी तुम्हाला सुरुवातीला काही म्हणजे काही कळणार नाही, थंड लागणार नाही, गोड लागणार नाही. म्हणून "दुखत नाही" या एका गोष्टीवर कृपा करून निर्णय घेऊ नका.

आता कॅप का लागते ते सांगते. पूर्वी सांगायचे की नस काढली की दाढ सुकते म्हणून ठिसूळ होते, ते काही फारसं खरं नाही. खरं कारण साधं आहे, दाढेत दाढच कमी उरलेली असते. आधी किडीने खाल्लेलं असतं, मग नसेपर्यंत पोचायला आम्ही वरून भोक पाडतो, म्हणजे मधलं सगळं छत गेलं आणि उरल्या चार बाजूच्या भिंती. जुन्या वाड्यावरचे वासे आणि पत्रे काढले की मातीच्या भिंती एक-दोन पावसाळे उभ्या राहतात आणि मग एक दिवस बसतात ना, तसंच. दाढेवर ज्या टेकड्या असतात त्या चावताना बाहेरच्या बाजूला फाकतात, छत असतं तेव्हा भिंती एकमेकींना धरून असतात, छत गेलं की प्रत्येक घासाला थोड्या थोड्या फाकत राहतात. कॅप या भिंतींना वरून आणि चहूबाजूंनी आवळून धरते. आत भरलेलं सिमेंट ते काम करू शकत नाही, ते फक्त खड्डा बुजवतं.

२००२ साली यावर एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, त्यात रूट कॅनल करून कॅप न बसवलेले दात हे कॅप बसवलेल्यांपेक्षा ६ पट वेगाने गमावले गेले असं दिसलं. मला तर आकडा बघायची गरजच पडत नाही, दर दिवाळीनंतरच्या आठवड्यात क्लिनिकमध्ये दिसतं. कडक चकली, कडक बुंदीचा लाडू, भाजलेले शेंगदाणे. एक प्राथमिक शाळेतल्या बाई होत्या, दीड वर्ष कॅप पुढे ढकलत होत्या कारण मुलीची फी भरायची होती, आणि फुटाणे खाताना दाढ उभी चिरली, चीर थेट मुळापर्यंत. काहीच करता आलं नाही, काढली. त्या खुर्चीत रडल्या आणि मला अजून वाईट वाटतं की मी त्यांना स्वस्तातला पर्याय तेव्हाच नीट समजावून सांगितला नव्हता.

म्हणून तो आता तुम्हाला सांगते. मागची दाढ आहे, हसताना दिसत नाही, तर पूर्ण मेटलची कॅप घ्या. सगळ्यात स्वस्त, दाढ सगळ्यात कमी घासावी लागते आणि ती तुटत नाही. तेही जमत नसेल तर सरकारी डेंटल कॉलेजात जा, मुंबईत फोर्टला आहे, नागपूरला आहे, छत्रपती संभाजीनगरला आहे, मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायरचं डेंटल कॉलेज आहे, गोव्यात बांबोळीला आहे. वेळ लागतो, चार फेऱ्या होतात, पण शिकाऊ डॉक्टरांच्या मागे सर उभे असतात आणि काम तपासूनच पुढे जातं.

आणि एक, आठ महिने झालेत म्हणजे डायरेक्ट कॅप नको. आधी एक्स-रे काढा. वरचं सिमेंट तात्पुरतं असेल तर ते झिजून लाळ आत झिरपलेली असू शकते आणि मग रूट कॅनल परत करावं लागतं. खराब रूट कॅनलवर कॅप बसवणं म्हणजे पैसे पाण्यात.

भावाला सांगा की प्रत्येक रूट कॅनलला कॅप लागतेच असंही नाही. पुढचा दात असेल, फक्त मागून छोटं भोक पडलंय आणि बाकी दात शाबूत आहे तर नुसतं फिलिंग पुरतं. आणि काही दाढांना पूर्ण कॅपऐवजी फक्त वरच्या टेकड्या झाकणारी अर्धी कॅप चालते, तिला ऑनले म्हणतात, ते विचारून बघा.

प्रश्न (नाशिक): एका डॉक्टरांनी मेटल सिरॅमिक सांगितली, दुसऱ्यांनी झिरकोनिया १० वर्षं वॉरंटीची, तिसऱ्यांनी १५ वर्षं वॉरंटीची. किमतीत जमीन अस्मानाचा फरक आहे. नक्की कुठली घ्यावी?

सगळ्यात जास्त प्रश्न हाच, आणि मला मनापासून वाटतं की लोकांना चुकीच्या गोष्टीची काळजी करायला लावलंय. कुठली कॅप हे नंतर. कॅप किती वर्षं टिकणार हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं, खाली दाढ किती उरलीये आणि कॅपची कड दाढेला किती बिनफटीची बसलीये. पण आधी मटेरियल सांगते कारण पैसे त्याचेच लागतात.

मेटल सिरॅमिक म्हणजे आत धातूची टोपी आणि वरून दाताच्या रंगाचा सिरॅमिकचा थर. खूप वर्षं वापरात असलेलं, भरवशाचं. जगभरातले अभ्यास एकत्र करून बघितले तर ५ वर्षांनी अशा शंभरातल्या साधारण ९५ कॅप तोंडात व्यवस्थित असतात. तोटे दोन, वरचं सिरॅमिक कधीतरी टवका उडून जातं आणि काही वर्षांनी हिरडी खाली सरकली की कडेला काळी रेघ दिसते. त्यात बहुतेक वेळा निकेल असलेला धातू वापरतात, म्हणून ज्या बायकांना खोट्या कानातल्यांनी कान पिकतात, पुरळ येतं, त्यांनी हे डॉक्टरांना आधी सांगायचं.

झिरकोनिया म्हणजे झिर्कोनियम ऑक्साइड, ते पांढरंच असतं, आत धातूची टोपी नाही. याची कॅप बनते कशी ते बघण्यासारखं आहे. खडूसारख्या मऊ चकतीतून कॉम्प्युटरवर चालणारं मशीन कॅप कोरून काढतं, ती मुद्दाम पाचवा हिस्सा तरी मोठी कोरतात, मग भट्टीत साधारण १५०० अंशांना भाजतात आणि भाजताना ती आकसून बरोबर मापाची होते. ताकद प्रचंड. पण यात एक मेख आहे, जी झिरकोनिया जास्त पारदर्शक आणि सुंदर दिसते ती तुलनेने कमी मजबूत असते, म्हणजे महाग आणि सुंदर म्हणून मागच्या दाढेला तीच घ्या असं नाही. दुसरं म्हणजे गुळगुळीत पॉलिश असेल तर समोरच्या दाताला झिरकोनिया त्रास देत नाही, पण बसवताना उंच लागली म्हणून डॉक्टरांनी घासली आणि परत पॉलिश न करता तशीच सोडली तर ती खरखरीत राहते आणि समोरचा तुमचा चांगला दात घासून काढते. म्हणून घासली असेल तर "पॉलिश करणार ना?" असं बिनधास्त विचारा.

पुढच्या दातांसाठी लिथियम डायसिलिकेटचं सिरॅमिक येतं, लोक त्याला ई-मॅक्स या ब्रँडच्या नावानेच ओळखतात, दिसायला सगळ्यात छान, ताकद झिरकोनियाच्या निम्म्याहून कमी पण पुढच्या दातांना तेवढी पुरते.

आता वॉरंटी. ते कार्ड लॅबचं किंवा मटेरियल बनवणाऱ्या कंपनीचं असतं. कॅप फुटली तर नवी कॅप बनवून मिळेल एवढाच त्याचा अर्थ. कॅपच्या खाली दाढ किडली, हिरडी सुजली, दाढ मोडली तर ते कार्ड काही कामाचं नाही, आणि माझ्याकडे ज्या कॅप काढायला येतात त्यातल्या बऱ्याच फुटलेल्या नसतात, कॅप ठणठणीत आणि खालची दाढ कडेने किडलेली असते. १५ वर्षांची वॉरंटी आहे म्हणून दाढ १५ वर्षं राहील असं समजून पैसे मोजू नका.

मग काय बघायचं? कड. कॅप जिथे संपते आणि दाढ सुरू होते ती रेघ. तिथे फट असेल तर सिमेंट धुपतं, अन्न बसतं, कीड आत शिरते. तुम्ही घरी करू शकता अशी एक टेस्ट सांगते, कॅप पक्की बसल्यावर दोन-चार दिवसांनी फ्लॉसचा दोरा बाजूने हळू आत घाला आणि वर ओढा, गुळगुळीत आला पाहिजे, दर वेळी एकाच जागी अडकून पिंजत असेल तर कड नीट नाही किंवा सिमेंट उरलंय, परत दाखवायला जा. आणि दोन दाढांच्या मध्ये फ्लॉस जाताना हलका "टक" झाला पाहिजे, सरळ सैल गेला तर तिथे रोज भाजी अडकणार.

तर तुमचं उत्तर: मागची दाढ, बजेट कमी असेल तर मेटल किंवा मेटल सिरॅमिक, बजेट असेल तर मजबूत प्रकारची झिरकोनिया. १० आणि १५ वर्षांच्या कार्डात अडकू नका. जो डॉक्टर एक्स-रे दाखवून तुमची दाढ किती उरलीये हे समजावून सांगतो आणि ट्रायलला, म्हणजे पक्की चिकटवण्याआधी कॅप बसवून बघायला, वेळ देतो त्याच्याकडे करा.

प्रश्न (कोल्हापूर): काल मटण खाताना कॅप निघून हातात आली. दुखत नाहीये. पुढच्या आठवड्यात भावाचं लग्न आहे, वेळ नाही. घरात फेविक्विक आहे, त्याने चिकटवली तर चालेल का?

नाही चालणार, अजिबात नाही. मला माहितीये लोक करतात. ती तुमच्या हाताने नेमकी जागेवर बसत नाही, जरा तिरकी बसली की उंच लागते आणि गोंद सेकंदात घट्ट होतो, मग मला ती काढायला कापावी लागते. म्हणजे जी कॅप फक्त सिमेंट लावून १५ मिनिटांत परत बसली असती ती नवी करायचा खर्च. शिवाय तो गोंद हिरडीला लागून भाजतं ते वेगळंच.

कॅप धुवून एका छोट्या डबीत ठेवा. टिश्यूत गुंडाळून ठेवू नका, निम्म्या कॅप तिथूनच कचऱ्यात जातात. नुसती बसवून झोपू नका, झोपेत गिळली जाते किंवा श्वासनलिकेत जाऊ शकते. त्या बाजूने चावायचं नाही, दाढ ब्रशने हळू साफ करायची, आणि लग्नाच्या आधीच अर्धा तास काढून जाऊन या. जास्त दिवस उघडी ठेवली तर शेजारच्या आणि समोरच्या दाढा थोड्या सरकतात आणि तीच कॅप परत बसत नाही.

एक गोष्ट आत्ता आरशात बघा. कॅपच्या आत पोकळ आहे का त्यात दाढेचा तुकडा अडकलाय? पोकळ असेल तर बरं, बहुतेक सिमेंट सुटलंय. आत दाढच मोडून आली असेल तर मग परत चिकटवून भागणार नाही, खाली किती उरलंय ते बघून ठरवावं लागेल. आणि पहिल्या केसमध्येही डॉक्टरांना विचारा की निघाली का, कारण कॅप उगाच निघत नाही, दाढ फार बुटकी घासली गेली, कडेने कीड लागली, किंवा चावताना तिथेच जास्त जोर येतोय. कारण न शोधता चिकटवली तर सहा महिन्यांनी परत हातात येईल.

प्रश्न (ठाणे): कॅप बसवून पाच दिवस झाले, चावलं की ठणका लागतो. डॉक्टर म्हणाले सवय होईल. किती दिवस वाट बघायची?

दोन-तीन दिवस जरा जड जड वाटणं, हिरडी दुखणं हे ठीक. पाच दिवसांनीही चावताना ठणका असेल तर वाट बघू नका, परत जा. उंच कॅपची सवय होत नसते. दाढ आणि हाडाच्या मध्ये जी गादी असते तिला केसाहून पातळ फरकसुद्धा कळतो, दातात कोथिंबिरीचं पान अडकलं तरी किती जाणवतं बघा. उंच कॅपवर प्रत्येक घासाला पूर्ण जबड्याचा जोर त्या एकाच दाढेवर येतो आणि ती गादी सुजते. रूट कॅनल झालेल्या दाढेलाही हे होतं, कारण नस काढली तरी बाहेरची गादी जिवंतच असते, म्हणून "नस तर काढलीये मग दुखतं कसं" हा प्रश्न पडू देऊ नका.

बरेचदा होतं असं की इंजेक्शन देऊन बधीर केलेलं असताना कॅप बसवतात आणि "चावून बघा, कसं वाटतंय" विचारतात, आता बधीर तोंडाला काय कळणार. घरी गेल्यावर कळतं. परत गेलात की डॉक्टर निळा किंवा लाल कागद चावायला देतील, जिथे गडद ठिपका उमटेल तिथे घासतील, दहा मिनिटांचं काम आणि बहुतेक लोकांना तिथेच हलकं वाटतं.

पण दुखणं कसलं हे नीट सांगा, त्यावर सगळं आहे. चावताना ठणका, बहुतेक उंच. चावून जबडा सोडताना कळ येते, तर दाढेत तडा असू शकतो. रूट कॅनल न करता कॅप बसवलीये आणि थंड प्यायल्यावर कळ मिनिटभर टिकते, रात्री झोपेतून उठवते, तर नस दुखावलीये आणि रूट कॅनल लागू शकतं, ते कॅपमधून छोटं भोक पाडूनही करता येतं. थंड लागतं पण दोन सेकंदांत जातं, नुसते दात आंबल्यासारखे वाटतात, तर दोन-तीन आठवडे थांबायला हरकत नाही.

प्रश्न (लातूर): मुलगा ५ वर्षांचा, दुधाच्या दाढेला स्टीलची कॅप बसवायला सांगितलीये. पडणाऱ्याच दाढेला कॅप? आणि सासूबाई म्हणतात तोंडात स्टील नको.

दुधाची दाढ पडते, पण कधी? पुढचे दात सहा-सातला पडतात म्हणून आपल्याला वाटतं सगळेच लवकर पडतात. दुधाच्या दाढा साधारण १० ते १२ व्या वर्षापर्यंत तोंडात असतात. म्हणजे तुमच्या मुलाला अजून पाच-सहा वर्षं तिच्यावर पोळी-भाकरी चावायचीये. लवकर काढली तर मागची सहाव्या वर्षी येणारी कायमची दाढ पुढे सरकते, खालून येणाऱ्या दाताला जागा उरत नाही आणि मग तारा लावायची वेळ येते.

स्टीलची कॅप मुलांसाठी फार चांगली असते. तयार मापात मिळते, लॅबला पाठवायला लागत नाही, एका बैठकीत बसते आणि दुधाच्या दाढेबरोबरच पडून जाते. मोठी कीड असताना नुसतं सिमेंट भरण्यापेक्षा ही जास्त टिकते. कीड नसेपर्यंत गेली नसेल तर हॉल टेक्निक नावाची पद्धत आहे, स्कॉटलंडमधल्या एका दातांच्या डॉक्टर बाईंनी वापरात आणलेली, त्यात ना इंजेक्शन ना ड्रिल, कीड तशीच कॅपखाली सिमेंटने बंद करून टाकायची, हवा-अन्न बंद झालं की तिची वाढ थांबते. ऐकायला विचित्र वाटतं पण नीट निवडलेल्या केसमध्ये छान चालते. तुमच्या डॉक्टरांना विचारा तुमच्या मुलाला लागू आहे का. पहिले काही दिवस कॅप उंच वाटेल, मुलांचं काही आठवड्यांत आपोआप जुळतं (मोठ्या माणसांचं मघाशी सांगितलं ते वेगळं, मुलांचे जबडे वाढते असतात).

सासूबाईंना सांगा की आपण जेवतो त्या ताटासारखंच स्टील आहे. मात्र त्यात निकेल असतं, तेव्हा मुलाला धातूची ॲलर्जी असेल तर आधी बोला.

प्रश्न (न्यू जर्सी): डिसेंबरमध्ये १२ दिवस पुण्यात येतोय. दोन दाढांचं रूट कॅनल आणि कॅप, आणि जुनी फिलिंग्ज आहेत अशा अजून चार दाढांनाही कॅप करून घेऊ का एकदमच? इथे परवडत नाही.

पहिल्या दोन करा, बाकीच्या चार उगाच करू नका. फिलिंग चांगलं आहे, तडा नाही, कीड नाही, तर त्या दाढेला हात लावायचं कारणच नाही. कॅपसाठी दाढ सगळ्या बाजूंनी एक ते दोन मिलिमीटर घासावी लागते, वरचं इनॅमल जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर असतं, ते एकदा गेलं की गेलं, परत येत नाही. आणि जिवंत दाढ घासली की नस दुखावण्याची थोडी शक्यता असतेच, ती कळ तुम्हाला तिकडे परत गेल्यावर सुरू झाली तर?

वेळेचं गणित असं ठेवा. येण्याआधीच तिकडच्या डॉक्टरांकडून एक्स-रे मागवून इथे पाठवा. पहिल्या दोन-तीन दिवसांत रूट कॅनल, मग माप, लॅबला तीन-चार दिवस, ट्रायल, आणि पक्की बसल्यावर निदान चार दिवस पुण्यातच हातात ठेवा, म्हणजे उंच वाटली तर जाता येतं. विमानाच्या आदल्या रात्री कॅप बसवून निघणारे मी बघितलेत, नका करू. आणि दाढेत पू झालेला असेल तर १२ दिवसांत घाईने कॅप बसवण्यापेक्षा रूट कॅनल करून वर पक्कं मजबूत फिलिंग घ्या आणि कॅप तिकडे किंवा पुढच्या फेरीत करा, हे तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं तर ऐका. जाताना मटेरियल कुठलं, शेड म्हणजे रंगाची छटा कुठली, सिमेंट कुठलं हे लिहून घ्या आणि शेवटचा एक्स-रे फोनमध्ये ठेवा.

प्रश्न (सांगलीजवळचं गाव): आईचं वय ६८, शुगर आहे, हार्टची रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, लहानपणापासून मिश्री लावते. एक दाढ हिरडीपर्यंत मोडलीये. आई म्हणते काढून टाका, मुलगी म्हणून मला वाटतं कॅप बसवावी.

तुमची तळमळ कळते मला. पण इथे कदाचित आईचं बरोबर असेल. कॅपला धरायला हिरडीच्या वर सगळीकडून निदान दीड-दोन मिलिमीटर तरी दाढेची निरोगी भिंत लागते, जशी बरणीच्या झाकणाला गळ्याची कड लागते. ती नसेल तर मुळात खिळी घालून, सिमेंटचा बुंधा करून वर कॅप बसवतात, पण भिंतच नसेल तर चावण्याचा सगळा जोर खिळीवर आणि तिथून मुळावर येतो आणि मूळ चिरतं. कधी कधी हिरडी थोडी खाली घेऊन भिंत मिळवता येते, ते एक्स-रे बघूनच कळेल. दाढ हलत नाही, मूळ लांब आहे, भिंत मिळतेय, तर जरूर वाचवा. नाहीतर काढणं हीच आईची काळजी घेणं आहे, आणि नंतर त्या जागी काय बसवायचं ते निवांत ठरवा.

रक्त पातळ करायची गोळी मनाने बंद करू नका, दात काढायचा असला तरीसुद्धा. हार्टच्या डॉक्टरांना आणि दातांच्या डॉक्टरांना दोघांनाही एकमेकांची चिठ्ठी द्या. शुगर जास्त असेल तर हिरडी भरायला वेळ लागतो, तेव्हा आधी तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी शुगरची टेस्ट करून घ्या.

आणि मिश्री. भाजलेला तंबाखूच तो, खरखरीत, रोज बोटाने घासून दात हिरडीजवळ खाच पडेपर्यंत झिजतात, हिरडी सरकते आणि मग कुठलीही कॅप बसवली तरी तिची कड उघडी पडते. तोंडात पांढरा चट्टा, न भरणारी जखम आहे का ते त्याच भेटीत नक्की बघून घ्या, हे दाढेपेक्षा महत्त्वाचं आहे. एकदम सोडवत नसेल तर आईवर ओरडू नका, दिवसातून चारदा लावत असेल तर दोनवर आणा, मग एक, मग बंद. माझ्या आजीने अशीच सोडली, ७० व्या वर्षी.

प्रश्न (पुणे): गुडघ्याचा एमआरआय करायचाय, तोंडात मेटलच्या तीन कॅप आहेत. काढाव्या लागतील का?

नाही. पक्क्या बसवलेल्या कॅप काढत नाहीत. फॉर्मवर लिहा आणि टेक्निशियनला सांगा एवढंच. डोक्याचा किंवा जबड्याचा एमआरआय असेल तर मेटलमुळे त्या भागाचं चित्र धूसर येऊ शकतं, गुडघ्याला काही संबंध नाही. काढता येणारी कवळी असेल तर ती मात्र काढून ठेवायची.

प्रश्न (रत्नागिरी): भावाला दोन वर्षांपूर्वी क्रिकेटचा बॉल लागला, वरचा पुढचा दात आता काळपट झालाय. रूट कॅनल झालंय. वय १९. कॅप बसवली की पांढरा होईल ना?

होईल, पण थांबा. दात शाबूत असेल, मोडलेला नसेल, तर नुसत्या रंगासाठी १९ वर्षांच्या मुलाचा दात चहूबाजूंनी घासून कॅप बसवू नका. आधी आतून ब्लीचिंग करून बघा. रूट कॅनलच्या मागच्या भोकातून दातात ब्लीचचं औषध भरतात, वरून बंद करतात, काही दिवसांनी बदलतात, अशा दोन-चार फेऱ्या. कित्येकदा रंग शेजारच्या दाताच्या अगदी जवळ येतो आणि दात जसाच्या तसा राहतो. मात्र औषध भरण्याआधी रूट कॅनलच्या तोंडाशी सिमेंटचा थर देऊन मुळाची वाट बंद केलीये ना, हे विचारा. रंग काही वर्षांनी थोडा परतू शकतो, मग परत करता येतं. त्याने नाहीच झालं तर फक्त पुढची बाजू झाकणारं व्हिनिअर, आणि अगदी शेवटी कॅप. आज कॅप बसवली तर आयुष्यात ती तीन-चारदा बदलावी लागेल आणि दर वेळी दात थोडा थोडा कमीच होणार.

आणि कधी कॅपच करायची ठरली तर शेड दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी ठरवा, आणि भेट सुरू झाल्या झाल्या ठरवा. तोंड उघडं ठेवून अर्धा तास काम झालं की दात कोरडे पडतात आणि आहेत त्यापेक्षा पांढरे दिसतात, त्या वेळी शेड घेतली तर घरी गेल्यावर तो एकच दात वेगळा उठून दिसतो. लिपस्टिक वगैरे नको, भावाच्या बाबतीत तो प्रश्न नाही, पण भडक रंगाचा टी-शर्ट असेल तर त्यावर साधं पांढरट फडकं टाकायला सांगा.